कडबा बंद करून नुसत्या मुरघासावर गाई चालतात का? (सोलापूर भाग)

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. पंढरपूर तालुक्यात नदीपासून थोडं आत आमचं गाव. सहा एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई, त्यातल्या पाच दुधात, आणि दोन कालवडी. आतापर्यंतची पद्धत ठरलेली होती. ज्वारीची सुगी झाली की कडबा (ज्वारीची वाळलेली धाटं) घेऊन गंज लावायची, गळीत हंगामात उसाचं वाढं (हिरवे शेंडे), आणि बांधावरचं नेपियर गवत. यंदा कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्यांचा भाव) ऐकला आणि मक्याचा मुरघास, म्हणजे हिरवा मका कुट्टी करून, हवाबंद दाबून आंबवलेला चारा, विकत आणला.

गाई आवडीने खातात, गव्हाण चाटून साफ करतात. दूध गाईमागे लिटरभर वाढलं. पण फॅट ३.७ वरून ३.१ वर आलं. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) जागेवर आहे. लिटर वाढूनही दुधाचा पगार जवळपास तेवढाच.

सध्या एका गाईला दिवसाला ३० किलो मुरघास दोन वेळेला, ५ किलो गोळी पेंड आणि मिनरल मिक्स्चर. कडबा शून्य. डेअरीवर म्हणतात हे मुरघासानेच झालं. मुरघास विकणारा म्हणतो, मुरघासाचा फॅटशी काही संबंध नाही. तुमचा अनुभव काय? नुसत्या मुरघासावर गाई ठेवता येतात का?

माढेकर
संबंध आहे, पण दोष मुरघासाचा नाही. मी बरीच वर्षं मुरघास देतोय, मुक्त गोठा आहे (गाई न बांधता मोकळ्या), फॅट ३.६ च्या खाली सहसा जात नाही. पण आमच्याकडं कडब्याची कुट्टी कधीच बंद नसते. तुम्ही ३० किलोवर गेलात आणि कोरडं पूर्ण काढलंत, तिथं गणित बिघडलं.

कोरडवाहू
मंगळवेढ्याचा आहे, त्यामुळं कडब्याच्या बाजूनं बोलणारच. आमच्या काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दाण्यासाठी. पण माणसं दाणा खातात तेवढ्याच मायेनं जनावर कडबा खातं. मालदांडी ज्वारीचं ताट (धाट) गोड असतं. दोन पावसाळे नीट झाकून ठेवला तरी टिकतो. त्याला बॅग लागत नाही, प्लास्टिक लागत नाही, मशीनची वाट बघावी लागत नाही. आता जो तो मुरघास मुरघास करतोय आणि ज्वारीचा पेरा कमी होतोय. मग कडबा महागणारच.

पुण्यात नोकरी
माझा गोठा अजून एक्सेल शीटमध्येच आहे, त्यामुळे फॅट एकदम छान लागतंय :) गंमत सोडा, धागा वाचतोय. एक बेसिक प्रश्न: मुरघास म्हणजे हिरवी वैरणच ना? मग कोरडं वेगळं कशाला?

बार्शीची सून
आमच्या घरी गोठा सासूबाई आणि मी बघतो. भीमाकाठ दादा, एक सांगा, दुपारी गाई बसल्यावर रवंथ करतात का? किती जणी करतात ते मोजून बघा. आमच्या एका शेजाऱ्यांकडं अगदी असंच झालं होतं. गाई पोटभर खाऊन नुसत्या बसायच्या, तोंड हलत नव्हतं. शेण पातळ, त्यात मक्याचे दाणे अख्खे दिसायचे. सासूबाईंनी शेण पायाने पसरून बघितलं आणि म्हणाल्या, हिला चघळायला काही देत नाही का रे?

पुण्यात नोकरी भाऊ, मुरघास हे कालवण समजा. कितीही चवदार असलं तरी भाकरी लागतेच.

भीमाकाठ
ताई, आत्ता बघून आलो. पाचपैकी चार बसल्यात, एकच रवंथ करतेय. शेण पातळच आहे. मला वाटलं उन्हामुळं पाणी जास्त पितात म्हणून असेल.

निवृत्त पशुवैद्यक
बार्शीच्या ताईंनी अचूक जागी बोट ठेवलं. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. बसलेल्या चारात एक म्हणजे पोटात आम्ल वाढतंय.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोटाळा गावोगाव दिसतो. पुण्यात नोकरी यांनी विचारलं की मुरघास हिरवी वैरणच ना. मक्याचा चांगला मुरघास कणसासकट केलेला असतो. कणीस चांगलं भरलेलं असेल तर त्याच्या कोरड्या अंशात (पाणी सोडून उरतं त्यात) साधारण तिसरा हिस्सा दाणाच असतो. म्हणजे मुरघास हा वैरण आणि खुराक दोन्ही एकत्र आहे. आपण त्याला फक्त वैरण धरतो आणि वर आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) तेवढंच ठेवतो.

भीमाकाठ यांचंच उदाहरण घ्या. ३० किलो मुरघास, त्यात कोरडा अंश ३० टक्के धरला तर ९ किलो. त्यातला दाणा ३ किलो. गोळी पेंड ५ किलो, तिचा कोरडा अंश साडेचार. एकूण कोरडं खाणं साडेतेरा किलो, त्यात दाणा-पेंड साडेसात किलो. निम्म्याहून जास्त खुराक झाला. गाईचं पोट यासाठी बनलेलं नाही. चोथा (चघळायला लागणारी तंतुमय वैरण) कमी पडला की रवंथ कमी, रवंथ कमी की लाळ कमी. आणि लाळेतच तो सोडा असतो जो पोटातलं आम्ल मारतो. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. ती कमी झाली की पोटातला पीएच घसरतो, तंतुमय वैरण पचवणारे जीवाणू मागे पडतात, आणि फॅट ज्यापासून बनतं ते अ‍ॅसिटिक आम्ल कमी तयार होतं. दूध वाढलंय, एसएनएफ टिकलंय आणि फॅट तेवढं पडलंय, ही या दुखण्याची ओळखच आहे.

याकडं लक्ष दिलं नाही तर पुढं खुरं दुखायला लागतात, गाय लंगडते, खाणं एक दिवस जास्त एक दिवस कमी होतं. फॅट हा फक्त पहिला इशारा.

माढेकर
डॉक्टर, बरोबर. मी हेच मोडक्या भाषेत सांगत होतो. किती द्यायचं तेही सांगून टाका, लोक आकडा मागतात.

निवृत्त पशुवैद्यक
४५० किलोची, १५ लिटरच्या आसपास दुधाची गाय धरतो. मुरघास २० किलो, कडब्याची कुट्टी ४ किलो, मेथीघास (लसूणघास) ६ किलो, आंबोण ४ किलो. कोरडा अंश साधारण साडेचौदा किलो होतो आणि दाणा-पेंड ४० टक्क्यांच्या आत राहते.

प्रथिनाकडं मात्र बघा. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कोरड्या अंशाच्या ८ टक्क्यांच्या आसपास, कडब्यात त्याच्याही निम्मी. म्हणून त्या ४ किलो आंबोणात एक किलो सोयाबीन पेंड बसवा. बार्शी भागात सोयाबीन भरपूर आहे, पेंड मिळायला अडचण नको. नुसता मका भरडा वाढवू नका, मका आधीच मुरघासात आहे.

बदल एकदम करू नका. दहा-बारा दिवसांत हळूहळू मुरघास खाली आणा, कडबा वर न्या. तोपर्यंत खाण्याचा सोडा गाईला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम आंबोणात. सोड्यानं तात्पुरता आधार मिळतो, पण चोथ्याचं काम सोडा करत नाही.

अकलूजकर
माझं कटर आणि बेलरचं (मका कापून, कुट्टी दाबून गठ्ठे बांधायच्या मशीनचं) काम आहे, तेव्हा दुसरी बाजू ऐका. मुरघासाचा तुकडा किती मोठा आहे ते कुणीच विचारत नाही. १ ते २ सेंटिमीटर हवा. पण गिऱ्हाईक म्हणतं बारीक करा, बॅगेत जास्त बसतो, दाबला चांगला जातो. पाती बोथट झाली की तुकडा कापला न जाता चिंधडतो. मग वैरण इतकी बारीक होते की गाईला चावायला काही राहतच नाही. भीमाकाठ भाऊ, मूठभर मुरघास पांढऱ्या कागदावर पसरा. बोटाच्या पेरापेक्षा मोठे तुकडे दिसतात का बघा. सगळा चुराच असेल तर डॉक्टरांच्या हिशेबापेक्षाही कडबा जास्त लागेल.

भीमाकाठ
पसरून बघितलं. बराचसा बारीक आहे. दाणे फुटलेले आहेत थोडे, बाकी अख्खे. वास आंबट-गोड, रंग पिवळसर हिरवा. बुरशी नाही.

अकलूजकर
वास-रंग चांगला आहे म्हणजे आंबवण नीट झालंय. अख्खे दाणे शेणात पडतात, तेवढे पैसे शेणखतात गेले समजा. दाणा पक्का झाल्यावर मका कापला की असं होतं. दाणा चिकातून पुढं जाऊन अर्धा घट्ट झाला की कापायचा. कणीस मोडून बघायचं. दाण्याचा वरचा भाग पिवळा घट्ट आणि खालचा पांढरा चिकाचा, मधली रेघ निम्म्यावर आली की कटर बोलवा.

माणदेशी
सांगोला. आमच्याकडं प्रश्न वेगळा आहे. मका करायला पाणीच नसतं, त्यामुळं मुरघास विकतच घ्यावा लागतो. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याला चारा छावण्या होत्या. जनावरं महिनोन्महिने उसावर आणि वाढ्यावर काढली. त्या वर्षी ज्याच्याकडं झाकलेला मुरघास होता त्याची गाय दावणीला राहिली. बाकीच्यांना बिऱ्हाड घेऊन छावणीत जावं लागलं. म्हणून मला मुरघासाबद्दल कुणी वाईट बोललं की लागतं.

पण विकत घेताना भाव कसा बघायचा ते सांगतो. किलोचा भाव बघू नका, कोरड्या किलोचा बघा. मुरघास ७ रुपयाला पडला आणि कोरडा अंश ३० टक्के असेल, तर कोरडा किलो २३ रुपयाला गेला. तोच मुरघास कच्चा, पाणीदार, २२ टक्क्यांचा असेल तर कोरडा किलो जवळपास ३२ रुपयाला. वजनात पाणी विकणारे आहेत. मूठ दाबून पाणी गळलं तर मी गाडी खाली करत नाही.

कोरडवाहू
हाच हिशेब कडब्याला लावा की. कडबा किलोला १० रुपये पडला तरी त्यात कोरडा अंश ९० टक्के. कोरडा किलो ११ रुपयाला. निम्म्यापेक्षा स्वस्त.

माढेकर
अण्णा, पण कोरड्या किलोत ताकद किती ते पण धरा ना. कडब्याच्या किलोत तेवढी ऊर्जा नाही. नुसत्या कडब्यावर १५ लिटरची गाय चालवायची तर आंबोण वाढवावं लागतं, आणि आंबोण सगळ्यात महाग. मी कडब्याच्या विरोधात नाही. कडबा रवंथीसाठी, मुरघास दुधासाठी, असं दोन्ही ठेवतो.

कोरडवाहू
आमच्या वडिलांच्या काळी खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस कडब्यावर, सरमाडावर पोसली जायची. दूध कमी होतं, पण डॉक्टरचं बिलही नव्हतं. २० लिटरची गाय आणली म्हणून हे सगळं करावं लागतंय. मला माढेकरांचं म्हणणं पटतं, पण गाय बदलली म्हणून वैरण बदलावी लागली, हे कुणी बोलत नाही.

खिलारवेडा
खिलारचं नाव निघालं म्हणून विचारतो. शर्यतीच्या बैलाला मुरघास चालतो का? आमच्या गावात एकाने खोंडाला सुरू केलाय, अंग भरलंय चांगलं.

निवृत्त पशुवैद्यक
खिलारवेडा, अंग भरणं आणि पळणं वेगळं. थोडा मुरघास चालेल, पण पळणाऱ्या जनावराचं पोट जड करू नका. कडबा, थोडं हिरवं, कडधान्याचं भुसकट हेच बरं. मुख्य विषयाकडं येऊ.

म्हैसवाला
पंढरपुरी म्हशी आहेत, चार. मी दिवसाला १०-१२ किलो मुरघास देतो, बाकी कडबा आणि वाढं. फॅट ७ च्या वर आहे. कडबा कमी केला नाही म्हणून असेल.

वाढ्याबद्दल एक. गळिताच्या दिवसात ऊसतोडीवरून वाढं स्वस्तात मिळतं म्हणून लोक फक्त वाढ्यावर जनावर ठेवतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. गाभण आणि नुकत्या व्यायलेल्या जनावराला नुसतं वाढं नको. मिनरल मिक्स्चर सोडू नका.

पुण्यात नोकरी
एक्सेल शीटमध्ये "रवंथ" नावाचा कॉलम टाकला. आता गाई आणायच्या बाकी आहेत.
खरा प्रश्न: मी सुरुवातीला ५-६ गाईंचा विचार करतोय. खड्डा बांधू की बॅग घेऊ?

माढेकर
खड्डाच बांध. सिमेंटचा पक्का, एकदाचा खर्च. ट्रॅक्टर चढवून दाबता येतो. बॅगेत माणसं नाचून नाचून दमतात, तरी हवा राहतेच. वर उंदीर, घुशी, कावळे.

निवृत्त पशुवैद्यक
माढेकर, तुमच्याकडं जनावरं जास्त आहेत म्हणून खड्डा परवडतो. ५-६ गाईंना मोठा खड्डा तोट्याचा आहे, आणि का ते मोजून सांगतो.

मुरघास उघडला की हवा लागते. हवा लागली की आंबवणानं जे टिकवलंय ते पुन्हा खराब व्हायला लागतं, गरम होतं, बुरशी येते. सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात हे फार झपाट्यानं होतं. म्हणून उघड्या तोंडाचा रोज किमान अर्धा फूट थर काढून संपवायचा असतो. आता चांगला दाबलेला मुरघास घनफुटाला १६ किलोच्या आसपास बसतो. खड्डा ८ फूट रुंद, ५ फूट उंच असेल तर तोंड ४० चौरस फूट. एक फूट आत गेलं की ६४० किलो निघतात. सहा गाईंना २० किलोप्रमाणे रोज १२०. म्हणजे रोज जेमतेम सव्वादोन इंच थर निघणार. बाकीचा तिथंच तापत राहणार.

त्याऐवजी ४ फूट रुंद, ४ फूट उंच केला तर फुटाला २५६ किलो, रोज अर्धा फूट निघतो. लांबी पाहिजे तेवढी वाढवा. अरुंद खड्ड्यात ट्रॅक्टर चढत नाही, दाबायला माणसं लागतात, हे खरं. म्हणून कमी जनावरांना लहान बॅग किंवा लहान बेल सोयीची. एक उघडली की एक-दोन दिवसांत संपते.

माढेकर
हे तोंडाचं गणित मान्य. आमच्याकडं उन्हाळ्यात रोज फूटभर निघतो म्हणून मला कधी जाणवलं नाही. पुण्यात नोकरी, तू बॅगच घे. फक्त आतलं प्लास्टिक जाड बघ, आणि बॅगा भिंतीपासून लांब, चौथऱ्यावर ठेव.

बार्शीची सून
आणि सकाळी काढलेला मुरघास संध्याकाळसाठी ढीग लावून ठेवू नका. आत हात घातला तर गरम लागतो. मी दोन्ही वेळेला ताजा काढते, काढला की बॅगेचं तोंड पिळून बांधते. धार काढायच्या आधी गव्हाणीत मुरघास टाकत नाही, धारेनंतर टाकते. नाहीतर दुधाला वास येतो आणि संकलनावर बोलणी खावी लागतात.

माणदेशी
ताई, वासाचं अगदी खरं आहे. आमच्या इथं एकाचं दूध दोन दिवस परत आलं होतं, कारण एवढंच निघालं.

शेळके वस्ती
बुरशी थोडीच असली तर तेवढी काढून बाकीचा टाकला तर चालतो का? टाकून द्यायला जीव होत नाही.

निवृत्त पशुवैद्यक
शेळके वस्ती, जीव होत नाही हे मला कळतं. पण बुरशी दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आजूबाजूला पसरलेले असतात. दिसणाऱ्या भागाभोवतीचा चांगला जाडसर मुरघासही काढा आणि उकिरड्यात टाका. गाभण गाईला तर शंका असलेला मुरघास अजिबात नको. नीट न आंबलेल्या, माती मिसळलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जीवाणू वाढतो, त्यानं गर्भपात होतात. तो आजार माणसालाही होतो.

बुरशीचं विष दुधातही उतरतं. त्यातल्या अफ्लाटॉक्सिन एम१ ची मर्यादा एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) दुधाच्या किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दूध उकळल्यानं ते जात नाही. आपल्या दुधाचा पहिला घोट बहुतेक वेळा आपल्याच घरातलं लेकरू घेतं, एवढं ध्यानात ठेवा.

काळा, चिकट, कुजकट वासाचा मुरघास म्हणजे मका फार ओला कापला. तपकिरी, तंबाखूसारखा वास म्हणजे फार वाळलेला किंवा भरायला उशीर झाला, आत तापला. चांगल्या मुरघासाचा पीएच ४ च्या आसपास येतो.

अकलूजकर
लष्करी अळीचं पण लिहा. २०१८ पासून मक्याला ती आलीय ती गेलीच नाही. अळीनं कणीस पोखरलं की तिथून बुरशी शिरते. पोंग्यातली (कोवळ्या शेंड्यातली) अळी वेळेत आवरली नाही तर मुरघास कितीही चांगला दाबा, कणसातली बुरशी आत जाते. मी अशा प्लॉटवर मशीन लावायच्या आधी मालकाला कणसं सोलून दाखवतो.

कोरडवाहू
आणि फवारणी केली तर कापणीला किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर वाचा. जनावराच्या पोटात जाणारं आहे.

पुण्यात नोकरी
नेपियरचा मुरघास होतो का? एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापता येतं, मक्यासारखं दर वेळी बियाणं नको.

माढेकर
होतो, पण मक्याएवढा सोपा नाही. नेपियरमध्ये साखर कमी आणि पाणी जास्त. कापून अर्धा दिवस-दिवसभर सुकू द्यायचं, मग कुट्टी करून त्यात २-३ टक्के उसाची मळी (मोलॅसिस) मिसळायची. इतके कारखाने आपल्या जिल्ह्यात, मळीची ओळख सगळ्यांना आहे. ज्वारीचाही चांगला होतो, दाणा चिकात असताना. पाणी कमी असेल तर मक्यापेक्षा ज्वारीचा मुरघास करा असं मी माणदेशींना सांगेन.

माणदेशी
ज्वारीचा केलाय. दूध मक्यावर निघतं तेवढं निघत नाही, पण पाणी निम्म्यात भागतं. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी हिरवी खाऊ घातली की जनावर दगावायची भीती असते. मुरघासात ते कोवळ्या ज्वारीतलं विष (सायनाइड) बरंच कमी होतं, हा दुसरा फायदा.

भीमाकाठ
मंडळी, थोडा उशीर झाला लिहायला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं मुरघास २० किलोवर आणला. कडबा मिळाला तेवढा घेतला, त्याची कुट्टी ४ किलो मुरघासातच मिसळून देतो. वेगळा दिला तर गाई कडबा बाजूला सारून मुरघास आधी खातात. गोळी पेंडीत एक किलो सोयाबीन पेंड बसवली. मेथीघास अजून नाही, वाफा पेरलाय.

शेण घट्ट झालं, थापी पडते आता. दुपारी पाचपैकी तीन-चार जणी रवंथ करताना दिसतात. फॅट ३.४ आहे. दूध थोडं कमी झालं, पण मुरघासाच्या आधी होतं तेवढं खाली गेलं नाही.

आता माझा मूळ प्रश्न पुन्हा विचारतो. कडबा मिळालाच नाही, किंवा परवडलाच नाही, तर त्याच्या जागी काय?

निवृत्त पशुवैद्यक
शेण आणि रवंथ बदलली म्हणजे पोट सावरलं. फॅट अजून वर येईल, पण उन्हाळ्यात उष्णतेनंही फॅट घटतं, त्यामुळं ३.७ ची अपेक्षा पाऊस पडल्यावर ठेवा. दुपारी सावली आणि पाणी यात कसूर नको.

कडब्याऐवजी गव्हाचं काड, हरभऱ्याचं-तुरीचं भुसकट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेलं गवत, काहीही चालेल. काड लांब असेल तर इंच-दीड इंचाचं करा. कडधान्याच्या भुसकटात प्रथिनं कडब्यापेक्षा जरा बरी असतात, पण ते बारीक असतं, त्यामुळं नुसत्या त्याच्यावर रवंथीचं काम भागत नाही. निम्मं काड, निम्मं भुसकट करा. मूळ प्रश्नाचं उत्तर: कडबा बंद झाला तरी चालेल, कोरडा चोथा बंद होऊन चालणार नाही.

आणि आटवलेल्या (व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या) गाईला हा हिशेब लावू नका. तिला मुरघास ८-१० किलो पुरे, बाकी कोरडं. मक्याच्या मुरघासावर आटलेली गाय चरबी धरते आणि व्यायल्यावर खाणं सोडते. लहान वासरांना तर नकोच, त्यांचं पोट अजून तयार नसतं.

कोरडवाहू
भीमाकाठ, आमच्या भागात पुढच्या सुगीला कडबा लागला तर आधीच बोलून ठेवा. रानातूनच उचलला तर व्यापाऱ्याची कटती वाचते. पेंढी हातात धरून बघा, पाचोळा टिकलेला आणि ताट आतून पांढरं असलं पाहिजे. भिजून काळा पडलेला स्वस्त मिळतो, पण घेऊ नका, जनावर तोंड लावत नाही.

भीमाकाठ
अण्णा, नक्की बोलून ठेवतो. आणि या खरिपात अर्धा एकर मका स्वतःच करून बॅगा भरायचा विचार आहे. अकलूजकर, अर्ध्या एकरात किती निघेल?

अकलूजकर
कणसासकट चांगला मका असेल तर एकराला १५ ते २० टन हिरवा निघतो, अर्ध्यात निम्मा धरा. मुरघासासाठी दाण्याचा संकरित मका घ्या, बियाणं एकरी ८ किलोच्या आसपास. नुसत्या चाऱ्याचा आफ्रिकन टॉल दाट पेरला तर कणीस भरत नाही. जूनच्या शेवटी पेरलात तर सप्टेंबरात कापणी येते, नेमकी परतीच्या पावसात. म्हणून मशीन आधी ठरवा आणि आभाळ बघून एका दिवसात कापून, भरून, बांधून मोकळे व्हा. दोन दिवस पसरलेला ठेवून भरला की निम्मी साखर उडाली म्हणून समजा. भरल्यावर ४५ दिवस हात लावू नका.

निवृत्त पशुवैद्यक
एक सावधानता राहिली होती. बॅगेऐवजी खोल खड्डा केलात तर भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे आत कुणी उतरू नये. आंबताना कार्बन डायऑक्साइड साठतो, शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तांबूस रंगाचा, ब्लीचसारख्या वासाचा. युरिया जास्त टाकलेल्या किंवा पाण्याच्या ताणातल्या मक्यात तो जास्त. पोरं खेळत खड्ड्यात उतरतात, तिथं दोरी बांधा किंवा काटेरी फांद्या टाका.

बार्शीची सून
डॉक्टर, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या वस्तीवर तीन खड्डे आहेत. आज संध्याकाळी दूध घालायला जाते तेव्हा सगळ्यांना सांगते.